पाठमोरे सर

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की मैदानाच्या कुंपणभिंतीवरही माणसं बसतात. त्या दुपारी शिट्टी एकोणीस वर्षांच्या मुलीकडे होती. मोठ्यांच्या सामन्यात पंच म्हणून तिचा तो पहिलाच दिवस. खेळ संपायला दहा मिनिटं असताना, ज्या संघाचे पाठीराखे जास्त त्याच संघाविरुद्ध तिनं पेनल्टी दिली.

खेळाडूंनी तिला घेरलं. "ताई, चष्मा घरात राहिला काय?" भिंतीवरून आवाज आला. कर्णधार हसून म्हणाला, "म्याडम, सरांना विचारा की. हितंच हैत."

सर म्हणजे तिला पंचाचं काम शिकवणारे निवृत्त पंच. ते रेषेबाहेर उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी सावकाश मैदानाकडे पाठ फिरवली.

प्रेक्षकांत बसलेल्या मला ते निष्ठुर वाटलं. पण त्यांनी नुसती मान हलवली असती, तरी निर्णय त्यांचा झाला असता. मग पुढच्या प्रत्येक सामन्यात लोकांनी तिला सोडून रेषेबाहेरच पाहिलं असतं. शिकवणाऱ्यानं मदत नाकारायची वेळही ओळखावी लागते.

तिनं पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "सरांनी नाही, मी बघितलंय. मागं सरका दादा."

गोल झाला. भिंतीवरून शिव्या येत राहिल्या. दोन मिनिटांनी त्याच संघाविरुद्ध तिनं पुन्हा शिट्टी वाजवली. या वेळी तिनं रेषेकडे पाहिलं नाही. सरांनी तोवर तोंड मैदानाकडे केलं होतं.