हणमंतकाकांना जिवंत ठेवताना

माझ्या हणमंतकाकांना मी पहिल्यांदा मारलं ते एका उंदराकडून. दुसऱ्यांदा कोंबडीकडून. तिसऱ्यांदा ते डबक्यातलं पाणी पिऊन गेले आणि चौथ्यांदा थंडीनं काकडून, मी स्वयंपाकघरात पोहे खायला गेलो होतो तेवढ्यात. काका त्या वेळी फौजेत हवालदार होते आणि उत्तरेला कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर चांगले धडधाकट उभे होते. इकडे सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये, पुतण्याच्या हातून आपण आठवड्याला दोनदा मरतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

ते नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. बाबांनी तो माझ्या शिक्षणासाठी घेतला होता, म्हणजे तसं मी त्यांना सांगितलं होतं. आईनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि त्याच्यासमोर चप्पल घालून बसायचं नाही असा नियम होता. एवढ्या पवित्र यंत्रात सातारच्या मंगेशनं, म्हणजे माझ्या मावसभावानं, तो गेम आणून घातला.

मूळ गेम तसा सज्जन होता. तलवार, ढाल, एखाददुसरा जादूगार, शेवटी ड्रॅगन. आपण एक वीर निवडायचा, त्याला नाव द्यायचं आणि गावोगाव पराक्रम करत हिंडायचं. पण मंगेश इंजिनिअरिंगला होता आणि त्याला तो गेम फार सोपा वाटत होता. म्हणून त्यानं त्याच्या पोटात हात घालून बदल केले. "ह्याला मॉड म्हणतात," तो म्हणाला. चांगल्या आमटीत मुद्दाम मूठभर जास्तीचं तिखट घालून ठेवायचं आणि पाहुण्याचा चेहरा बघत बसायचं, त्यातला तो प्रकार होता. मंगेशच्या गेममध्ये वीराला भूक लागायची. थंडी वाजायची. जखम चिघळायची. कोंबड्या अंगावर यायच्या! गेम सेव्ह व्हायचा तो फक्त धर्मशाळेत झोपल्यावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वीर मेला की सेव्ह केलेलं सगळं पुसलं जायचं. पुन्हा नवा वीर, पुन्हा तेच पहिलं गाव, पुन्हा तीच कोंबडी.

अशा ठिकाणी टिकायला दणकट माणूस हवा म्हणून मी वीराचं नाव हणमंत ठेवलं. माझ्या ओळखीत तेवढा एकच माणूस असा होता, की जो भरलेलं उसाचं ट्रॅक्टर-ट्रेलर रुतलं तर आधी मिशीला पीळ देऊन मग खांदा द्यायचा. नाव ठेवताना माझ्या मनात आदराशिवाय काही नव्हतं. देवाशप्पथ!

आता, काकू राहायच्या कुंडलला, शेताकडं लक्ष द्यायला. पण फोन होता आमच्याकडं. त्यामुळं दर रविवारी सकाळच्या एसटीनं काकू सांगलीला यायच्या, बरोबर कधी वांगी, कधी काकवी, आणि काकांचा फोन येईपर्यंत हॉलमध्ये टेलिफोनकडं तोंड करून बसायच्या. लाइन लागली तर फोन दुपारपर्यंत यायचा.

त्या रविवारी दुपार टळली तरी फोन आला नव्हता. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी त्यांचं मन रमावं म्हणून (खरं तर माझं) कॉम्प्युटर लावून बसलो होतो. तेवढ्यात कोंबडीनं डाव साधला आणि पडद्यावर लालभडक अक्षरं उमटली: हणमंत इज डेड.

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. एवढं इंग्रजी त्यांना पुरेसं होतं.

त्या उठल्या, पडद्याजवळ आल्या. काकू काकांचं नाव कधीच घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यांनी त्या नावावर नुसतं बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण रं?"

मी घाईघाईनं समजावलं. गेम आहे, खोटं आहे, कोंबडीसुद्धा खोटी आहे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"खोटं हाय ते कळलं मला. आता त्यास्नी परत उठीव. आन् हे घरी येस्तोवर पुन्यांदा मरायचं न्हाई."

"अहो काकू, यात सगळेच मरतात. मंगेशनं केलंयच तसं."

"मंगेशचा काका न्हाई त्यो," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी काकांचा फोन आला. ते ठणठणीत होते, नुसती लाइन लागत नव्हती. पण माझी सुटका झाली नाही. उलट काकूंच्या मनात हिशेब पक्का बसला: पुतण्यानं उठवलं, आणि फोन आला!

त्या दिवसापासून आमच्या घरी एका काल्पनिक माणसाची जी बडदास्त सुरू झाली, ती खुद्द जावयाचीही कोणी ठेवत नाही. काकूंच्या आज्ञा सोप्या होत्या. उपाशीपोटी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. दिवस मावळायच्या आत धर्मशाळेत परत. अनोळखी म्हाताऱ्यानं गुहेचा नकाशा देऊ केला तर "नगं" म्हणायचं. पराक्रम तर लांबच! धर्मशाळेमागं लाकडाचा ढीग होता. तो फोडला की भाकरीपुरते पैसे मिळायचे. तर माझा वीर, ज्यानं ड्रॅगन मारून राज्य जिंकायचं, तो रोज उठून लाकडं फोडायचा, भाकरी खायचा आणि दिवेलागणीला झोपायचा. मीही त्याच्याबरोबर तेच करत होतो. फरक एवढाच, की त्याचे दंड वाढत होते.

कुंडलच्या बूथवरून काकूंचा मधल्या वारीही फोन यायचा. एकदा तो बाबांनी उचलला. "भावजी, जेवलं का?" काकूंनी विचारलं. बाबांनी आनंदानं आपण काय काय जेवलो ते सांगितलं. पलीकडून काकू संकोचून म्हणाल्या, "तसं न्हवं, त्या काचंच्या डब्यातलं." बाबांनी रिसीव्हर माझ्याकडं असा दिला, जसं काही त्यालाच सुतक लागलं होतं.

बाबा ऑफिसातले, हिशेबी माणूस. या सगळ्याला ते अंधश्रद्धा म्हणायचे आणि जाता-येता मला ऐकवायचे, की कॉम्प्युटर लाकडं फोडायला घेतलेला नाही. मंगेशनं तर साताऱ्याहून फोन करकरून माझा जीव खाल्ला.

"गावाबाहेर कधी काढणार त्याला?"

"काकू सोडत नाहीत."

पलीकडं बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. एसटीडीचं बिल मावशी भरायची म्हणून बरं.

असे कितीतरी रविवार गेले. आणि मग एका रविवारी काकांचा फोन आला, की रजा मंजूर झाली, दोन दिवसांत निघतोय. काकूंनी रिसीव्हर ठेवला, क्षणभर देवघराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे निघाल्यात. आता त्यास्नीबी निघू दे."

म्हणजे वीरानं पहिलं गाव सोडायचं, घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या शहरातल्या धर्मशाळेत मुक्कामाला पोचायचं. गेममधला पहिला टप्पा तोच. मी नको म्हणायला तोंड उघडलं. पण काकू आधीच स्वयंपाकघरात गेल्या होत्या. घरातून माणूस लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा हातावर दही-साखर ठेवतात, ती त्यांनी आणली. प्रवासी पडद्यात असल्यामुळं हात माझा पुढं आला. मी दही चाटलं, हात पँटला पुसला आणि पुढं जायचं बटण दाबलं. त्याच वेळी काकूंना वाटलं, एवढ्या लांबच्या वाटेला एक चमचा कमीच आहे.

दुसरा चमचा कीबोर्डात गेला.

पुढं जायचं बटण आत बसलं ते बसलंच. वीर सुटला! कोंबड्यांमधून, धर्मशाळेवाल्याच्या मुळ्याच्या वाफ्यातून, पहारेकऱ्यांना धक्का देत तो वेशीबाहेर पडला आणि जंगलाकडं धावू लागला.

"आरं, हळू जाऊ दे त्यास्नी."

"मी काहीच करत नाहीये काकू!"

मागं लांडगे लागले. आई ओलं फडकं घेऊन धावली आणि तिनं दही पुसता पुसता आणखी चार बटणं दाबली, त्यामुळं वीरानं अंगातला कोट काढून टाकला. बर्फ पडायला लागला होता. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात बाबा आंघोळीहून टॉवेलवर बाहेर आले, त्यांनी एक नजर टाकली आणि कॉम्प्युटरमधलं त्यांना येत होतं ते एकमेव काम केलं. भिंतीवरचं बटण बंद केलं.

पुन्हा चालू केल्यावर वीर धर्मशाळेत होता. अंगात कोट, खिशात भाकरी, जणू तो कधी निघालाच नव्हता. आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बाबांचं फार कौतुक झालं.

बुधवारी काकांचा फोन आला. रस्ता बर्फानं बंद झाला होता. गाड्या अर्ध्यातून परत फिरल्या होत्या आणि ते पुन्हा तळावर येऊन बसले होते.

निरोप कळताच काकू वार न बघता एसटी पकडून आल्या. दारात चपला काढल्या आणि आधी माझ्याकडं आणि मग भिंतीवरच्या त्या बटणाकडं बघितलं. नंतर बाबांकडं. बाबांनी घसा खाकरला. महिनोन्महिने अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारा तो माणूस खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चल. काढ त्याला बाहेर."

अडचण एवढीच होती, की धुऊन वाळवलेल्या कीबोर्डाचं पुढं जायचं बटण आता कायमचं गेलं होतं. मागं जायचं तेवढं चालत होतं.

"मग उलटा ने," बाबा म्हणाले.

आणि आमचे हणमंतकाका पाठीकडून घाट चढायला लागले. पडद्यावर समोर दिसायचं ते सोडून आलेलं गाव. मागं काय आहे ते देवाला ठाऊक. बाबा मंगेशनं काढून दिलेला नकाशा बघून सांगत होते, अगदी एसटी मागं घेताना कंडक्टर सांगतो तसं: "येऊ दे, येऊ दे... डावीकडं मार... येऊ दे... बास!" बास म्हटलं की काकू टेबलावर दोनदा टकटक करायच्या. दह्याचं भांडं आईनं शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवलं होतं.

मग लांडगे आले. मंगेशचे लांडगे नेहमी पाठीमागून येत. भलेभले वीर असे पुढं बघून चालताना गेले होते. पण आमचा वीर मागंच तोंड करून चालला होता! लांडगा दिसला की कुऱ्हाड घालायची आणि एक पाऊल मागं. इतक्या रविवारांची लाकडं फोडून ती कुऱ्हाड अशी बसत होती, की शेवटी लांडगेच लांबून बघत उभे राहिले. पाठमोरे चालत, एकही पाऊल सरळ न टाकता, हणमंतकाका शहराच्या वेशीतून आत शिरले, धर्मशाळेच्या दारात पाठ आपटली आणि पलंगावर झोपले. काकूंनी पडद्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बाबा उठून खिडकीशी गेले आणि चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

पुढच्या आठवड्यात मिरज स्टेशनवर काका उतरले. काळी ट्रंक, रापलेला चेहरा, आणि मिशी जागच्या जागी. घरी आल्या आल्या काकूंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चहा झाल्यावर मी मोठ्या अभिमानानं त्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं. नवीन कीबोर्ड आणला होता. पडद्यावर शहराची वेस होती, बाजार होता, आणि मधोमध आमचा तो दंडाचा गडी.

"ह्यो मी व्हय?" काका खूश झाले. "सरक बघू."

मी सरकलो. आयुष्यात मी अनेक चुका केल्या, पण खुर्ची दिली ती त्यांतली सगळ्यात मोठी.

काकांनी वेशीवर पहारेकरी बघितला. हा गणवेशातला माणूस, आपल्यासारखाच. त्याला सलाम ठोकावा म्हणून त्यांनी हाताला येईल ते बटण दाबलं. वीरानं कुऱ्हाड उपसली. मंगेशच्या शहरात पहारेकऱ्यासमोर हत्यार उपसणाऱ्याशी बोलणी होत नसत.

हणमंत इज डेड.

ते सगळे रविवार, ती सगळी लाकडं, तो उलटा घाट, सगळं पुसलं गेलं. मी पडद्याकडं बघत राहिलो आणि मग कॉलेजात जाणारा मी, मिसरूड फुटलेला, भोकाड पसरून रडायला लागलो.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी लाल अक्षरं वाचली, मग खुर्चीतल्या काकांकडं बघितलं. आणि त्या हसायला लागल्या. किती दिवसांनी हसत होत्या कोण जाणे. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

काकांनी गोंधळून माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडतोस काय गड्या? मी जित्ता हाय की."

"तुमचं काय घेऊन बसलात, काका!" मी हुंदके देत म्हणालो. "त्याची कुऱ्हाड केवढी वाढली होती!"

त्या दुपारी घरात पुरणपोळी होती. घरातला शोक करणारा एकटा मीच. जेवणार नाही, असं मी जाहीर केलं आणि दोन पोळ्यांपर्यंत अगदी सुतकी चेहऱ्यानं जेवलो. तिसरी मात्र नाही म्हणवेना. ती मयतानं स्वतः तूप सोडून वाढली होती.