चार बोटांचा वर्ग

लालबागच्या आमच्या शाळेत मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवत आले होते. मुलांना कळलं की नाही, ते त्यांच्या तोंडाकडे बघून मला समजतं, असा माझा ठाम समज होता. तो एका प्रशिक्षणात मोडीत निघाला. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसातून एक तरुण गृहस्थ आले. नववीच्या पन्नास पोरांसमोर ते कधी उभे राहिले नसावेत, कारण आवाज फारच गोड होता. त्यांनी आम्हाला आकलनाच्या पातळ्या शिकवल्या. धडा संपला की मुलांनी बोटं वर करायची. काहीच कळलं नाही तर एक, थोडं कळलं तर दोन, कळलं तर तीन आणि दुसऱ्याला शिकवण्याइतकं कळलं तर चार. मुलाने आपली पातळी स्वतः ओळखायची, आपण त्याला पुढच्या पातळीवर न्यायचं. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण आमच्या मुख्याध्यापकांनी लगेच तिचं रजिस्टर केलं.

पोरांनी ही भानगड दोन दिवसांत ओळखली. एक बोट दाखवलं की बाई मधल्या सुट्टीत थांबवून पुन्हा शिकवतात, चार दाखवली की वडापाव गरम असताना मिळतो. आठवड्याभरात वर्ग विद्वानांनी भरून गेला. मुख्याध्यापक खूश, आणि मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. एकदा चार बोटांवाल्या एकाला म्हटलं, "ये, शिकव." त्याने पुस्तकातली व्याख्या एका दमात म्हटली आणि स्वल्पविरामालाही न थांबता जागेवर जाऊन बसला.

एक मुलगी तेवढी एकच बोट दाखवायची. तिची आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. मला त्या मुलीचा राग यायचा, कारण तिच्यापायी माझीही मधली सुट्टी जायची. एके दिवशी मी शिकवलं की खोलीत बराच वेळ पडलेल्या सगळ्या वस्तूंचं तापमान शेवटी सारखंच होतं. सगळीकडे चार, हिचं एक.

"आता काय राहिलं?" मी वैतागून विचारलं.

"बाई, बाकाचा लोखंडी पाय गार लागतो, फळी नाय लागत. मग दोघांचं तापमान एक कसं?"

"लोखंड उष्णतेचं सुवाहक असतं म्हणून."

"ते पाठ आहे बाई. पण मग दोघांना थर्मामीटर लावला तर?"

उद्या बघू म्हणून मी सटकले. घरी पुस्तकं काढली, नवऱ्याचा हात एकदा खिडकीच्या गजावर आणि एकदा लाकडी चौकटीवर ठेवून त्याला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. थर्मामीटर दोन्हीकडे सारखंच दाखवणार. हाताला गार लागतं ते हातातली उष्णता लोखंड झपाट्याने ओढून घेतं म्हणून. पंधरा वर्षं हा धडा मी चार बोटांच्या तोऱ्यात शिकवत होते. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली, आणि तिचा राग येणं त्या दिवशी बंद झालं.

नववीच्या शेवटी आमच्याकडे एक काम गुपचूप होतं. दहावीचा शंभर टक्के निकाल ज्यांच्यामुळे बिघडेल, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे परीक्षा बाहेरून द्या, शाळा तुमची नाही. त्या वर्षी यादीसाठी रजिस्टर हाताशी होतं. हिचे मार्क काठावरचे, आणि पातळी वर्षभर एक, एक, एक. सगळं माझ्याच अक्षरात.

आईला बोलावलं. मुख्याध्यापक सरांनी रजिस्टर तिच्यासमोर फिरवलं. "बघा, तुमची मुलगी स्वतःच सांगते, काही कळत नाही."

मी शेजारीच बसले होते. सर, वर्गात खरं समजून घेणारी ही एकटीच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाकीच्यांच्या चार बोटांचं काय, असं त्यांनी विचारलं असतं, आणि ते चारचे आकडेही मीच लिहिले होते. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

आईने मुलीकडे पाहिलं. "बाकीची पोरां किती दाखवतत?"

"चार."

"मगे तू एक कित्याक दाखवतंस? उद्यापासून चार दाखव." मग सरांकडे वळून ती म्हणाली, "सर, एक महिना द्या. सुधारेल ती."

"आई किती समजूतदार आहे बघा," सर मला म्हणाले, आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी धडा संपल्यावर तिने चार बोटं वर केली. मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं. "खरं सांग, किती कळलं?"

"चार, बाई."

"काही विचारायचं नाही?"

"नाय बाई," म्हणून तिने डबा उचलला आणि ती मैत्रिणींमागे गेली.

ती आमच्याच शाळेतून दहावी पास झाली. निकाल शंभर टक्के लागला, सरांनी पेढे वाटले. त्या अख्ख्या वर्षात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.