उपग्रहामागचा सूर्य

अंजूर गावच्या केसरीनाथांची थोरली लेक मृणाली डिश बसवते. सुरुवात टीव्हीच्या छोट्या डिशपासून झाली. आता ती खाडीकडच्या गोदामांवर उपग्रहाचं इंटरनेट घेणाऱ्या मोठ्या डिश लावते. रस्ता खोदताना जमिनीखालची केबल तुटली की गोदामाचं काम ठप्प होतं, म्हणून बरेच जण ही सोय करून घेतात. ती पहिल्यांदा शिडी चढली तेव्हा केसरीनाथ खालून म्हणाले होते, "पोरी, झेपंल का न्हाय?"

"बांधावरून चालायला तुम्हीच शिकवलंत ना, आबा?" एवढंच बोलून ती वर गेली होती.

मार्चमधल्या एका बुधवारी ती अंजूरजवळच्या एका गोदामात पोचली, तेव्हा मॅनेजर देवेश दारातच उभा होता. सोमवारपासून रोज दुपारी बाराला नेट जात होतं. सोमवारी दोन मिनिटं, मंगळवारी पाच. तेवढ्यात गाड्यांचे कागद अडकायचे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागायचे.

"मॅडम, दोनदा केबल बदलली. मोडेम बंद करून चालू केला. तुमची मशीनच खराब आहे," देवेश म्हणाला.

मृणालीने मोडेम पाहिला, डिशचे नटबोल्ट हलवून पाहिले. सगळं घट्ट होतं. मग तिने आधी तारीख पाहिली, मग घड्याळ. "मशीन ठीक आहे, सर. आज बाराला परत जाईल. सातेक मिनिटं. उद्या कमी, परवा त्याहून कमी. शनिवारी जाणारच नाही."

देवेशला ही थट्टा वाटली. त्याने थेट तिच्या मालकाला, भूपेशला, फोन लावला आणि बोलून झाल्यावर तिच्या हातात दिला.

"मृणाली, मोडेमचा डबा बदलून टाक ना," भूपेश म्हणाला. "पार्टी खूश, आपण मोकळे."

"न्हाय दादा. चांगला डबा काढून दुसरा लावायचा, आणि शनिवारी नेट आपोआप नीट झालं की हे म्हणणार, जुना खराबच होता. मग बाकीच्या गोदामांतले पण बदलत बसायचे काय?"

भूपेशने विचारलं, "तुझी खात्री हाय?"

"हाय."

ही खात्री तिला कामतघरच्या वस्तीने दिली होती. तिथल्या चाळींमधून दर मार्चला भर दुपारी तक्रारी यायच्या: टीव्हीचं चित्र गेलं. ती धावत जाऊन पोचेपर्यंत चित्र परत आलेलं असायचं आणि तिथले यंत्रमागावरचे कामगार तिलाच हसायचे. शेवटी एके वर्षी ती सकाळपासून एका पत्र्यावर, डोक्यावर ओढणी घेऊन, डिशशेजारी बसून राहिली. काय होतं ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढे ट्रेनिंगमध्ये इंजिनीयरने कारण सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली.

पावणेबाराला ती देवेशला ऑफिसच्या गच्चीवर घेऊन गेली. डिशच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला सिग्नल पकडणारा एक छोटा डबा असतो. त्याची सावली हळूहळू डिशच्या खालच्या कडेकडे सरकत होती.

"उपग्रह तिकडे वर आहे, एकाच जागी," मृणालीने बोट दाखवलं. "वर्षातून दोनदा, थोडे दिवस, सूर्य नेमका त्याच्या पाठीमागे येतो. सूर्याच्या गोंगाटात डिशला उपग्रहाचा आवाज ऐकू येत नाही. ही सावली कडेला भिडली की समजा नेट गेलं."

सावली भिडली. खालून सुपरवायझरचा आवाज आला, "साहेब, नेट गया!"

देवेशने घड्याळाकडे पाहिलं, मग डिशकडे, आणि तो तिथेच उन्हात उभा राहिला. थोड्या वेळाने सावली कड सोडून बाजूला सरकली. खालून पुन्हा आवाज आला, "आ गया!" आठ मिनिटं झाली होती.

"एका मिनिटाने चुकले," मृणाली म्हणाली.

"मग आता उपाय काय?"

"जेवणाची सुट्टी अजून दोन दिवस बाराला ठेवा. बाकी काही नाही."

देवेशने तसंच केलं. शनिवारी बाराला त्याने मुद्दाम मोडेमसमोर खुर्ची टाकली. हिरवा दिवा एकदाही विझला नाही. त्याने मृणालीला फोन केला आणि विचारलं, पुढच्या वेळी कधी?

"ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दोन दिवस आधी मीच कळवीन."

ऑक्टोबर उजाडायच्या आत भूपेशने तिला सगळ्या गोदामांच्या वेळा काढायला बसवलं. प्रत्येक ठिकाणची डिश कुठल्या उपग्रहाकडे तोंड करून आहे, हे तिला तोंडपाठ होतं. तिने बावीस मॅनेजरांना फोन केले. देवेशच्या गच्चीवरची गोष्ट तोपर्यंत सगळ्यांच्या कानावर गेली होती; त्यातल्या एकानेही, खात्री आहे का, असं विचारलं नाही.