‘लाईन सोडा’ म्हणायचं नाही

मंगळवार, वैशाख अमावास्या. हजर: वायरमन शिवा, सरपंच दत्ताभाऊ, गावातले आठ गडी आणि मी, लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त हवालदार, गावाच्या तोंडी ‘मेजर’. गैरहजर: नाईक सिद्धार्थ साळवे, साळवे वस्ती. त्याचं नाव मी हजेरीत घेतोच.

आदल्या दुपारच्या वादळात उमापूरकडून गावात येणाऱ्या लाईनचे पोल आडवे झाले, तारा उसात पडल्या. मोटर बंद, पाण्याची टाकी कोरडी. सकाळी मी दोन पार्ट्या केल्या. एक खड्ड्यांना, दुसरी दोराला.

“मेजर, ही बॉर्डर न्हाई,” दत्ताभाऊ म्हणाले. “गड्यांना चहा तर घेऊ द्या.”

“पोल उभा राहिला की चहा.”

कामाआधी एक ऑर्डर दिली होती: ‘सोडा’ हा शब्द वापरायचा नाही. सबस्टेशनवर ‘लाईन सोडा’ म्हणजे वीज चालू करा. पोलवरच्या माणसाला ‘लाईन सोड’ म्हणजे तार हातातून टाक. शब्द एक, हुकूम दोन.

फौजेत असताना आमच्या पोस्टवर जनरेटरची लाईन बर्फाच्या वादळात तुटली. सिद्धार्थ ती जोडत होता. खांब कलला तसं कोणीतरी ओरडलं, “साळवे, लाईन सोड!” जनरेटरवरचा जवान आमच्याच मुलखातला. त्याने ‘वीज चालू कर’ असं समजून स्विच टाकला. सिद्धार्थ तारेवरच गेला. त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये दोनच हुकूम राहिले, “हात काढ” आणि “करंट दे”. ऐकणाऱ्याने हुकूम परत म्हणायचा.

दुपारनंतर शिवा शाळेजवळच्या पोलवर तार बांधत होता. दत्ताभाऊ खाली सबस्टेशनच्या ऑपरेटरशी फोनवर बोलत होते. तेवढ्यात वावटळ आली, पोल हलला. फोन कानाला तसाच धरून दत्ताभाऊ वर ओरडले, “शिवा, लई हलतंय बे! लाईन सोड, लाईन सोड!”

फोनमधून आवाज आला, “सोडतो, भाऊ.”

मी फोन ओढून घेतला. “थांब! करंट देऊ नको. माणूस पोलवर आहे. परत म्हण.”

पलीकडून मग: “करंट देत न्हाई. माणूस पोलवर हाय.”

“शिवा, हात काढ.”

“हात काढला!”

शिवा खाली उतरला. दत्ताभाऊ बांधावर बसले. “मी तर त्याला वाचवायलाच वरडलो, मेजर.”

“सिद्धार्थलाही वाचवायलाच ओरडले होते.”

शिवाने हातमोजे काढले. “आता चहा पाजा, मेजर. का त्यो बी परत म्हणू?”

दिवेलागणीला सगळे खाली आहेत याची खात्री केली आणि ऑपरेटरला म्हणालो, “करंट दे.” त्याने ते परत म्हटलं. मोटर सुरू झाली, टाकीत पाणी पडू लागलं.

साळवे वस्तीचा पोल मात्र मधोमध मोडला आहे. नवा अजून आलेला नाही. सिद्धार्थची आई, सुमनबाई, दारातून विचारते, “कवा येणार रे लाईट?”

खड्डा खोदून तयार आहे. पोल उभा करायचा राहिला आहे.