मूकपटातली चाल

रविवारी सकाळी आमच्या चित्रपट मंडळानं एक मूकपट दाखवला. पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळत होती आणि सगळे हसत होते. मीही हसलो. शेजारच्या आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची आई तरुणपणी मूकपटांत लहानसहान कामं करायची. बोलपट आले, तिचं लग्न झालं, आणि घरात तो विषयच बंद झाला. आजी तिला शोधायला आल्या होत्या.

कळशी घेतलेली एक बाई पडद्यावरून गेली. सवयीनं मी घड्याळ पाहिलं, अठरा सेकंद.

"ह्याच का?"

"चेहरा तिचाच वाटतो. पण आई अशी नव्हती हो चालत. संथ चालायची."

मग माझ्या लक्षात आलं. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चित्रं टिपत. आपण चोवीस दाखवतो. म्हणजे ती बाई प्रत्यक्षात सत्तावीस सेकंद चालली होती. या कलावंतांची नावं आपण विसरलोच, वर ज्या धांदलीला हसतो तीही त्यांची नाही, आपली आहे.

खेळ संपल्यावर मी यंत्र चालवणाऱ्याला वेग कमी करायला सांगितलं.

"काका, तुम्ही म्हणजे फारच काटेकोर!" म्हणत त्यानं तेवढा तुकडा पुन्हा लावला.

बाई आली. पाणी डुचमळू न देता, सावकाश चालत गेली. ती पाठमोरी झाली तशा आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"आई," त्यांनी हाक मारली.