गंजीभोवतीचं सूत

गेणू लोणावळ्याच्या बंगल्यांत वायरमनच्या हाताखाली राबायचा, आणि सुट्टीला आंदर मावळातल्या घरी यायचा तो खिसाभर तारा-खिळे घेऊनच. गावात विजेचा खांबही नव्हता; पण गेणूचं डोकं चोवीस तास चालू!

गेल्या वैशाखात भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना ठिणगी उडाली आणि घरामागची पेंढ्याची गंजी जळून खाक झाली. पावसाळाभर बैलांच्या बरगड्या मोजाव्यात अशी दशा. यंदा त्याच्या बायकोनं, बयाबाईनं बजावलं, "पुन्यांदा गंजी जळली, तर बैलं घिऊन मी म्हायेरी जाईन तिकोणा पेठंला. तुमी ऱ्हावा हितं तारा जोडत."

उपाय सुचला तेव्हा गेणू घरभर नाचला. एका बंगल्यानं टाकून दिलेली घंटी, बॅटरीचे सेल, पत्र्याच्या दोन पट्ट्या. गंजीभोवती सूत ताणून त्यानं पट्ट्या एकमेकींपासून दूर धरल्या. सूत जळालं की पट्ट्या चिकटणार, घंटी वाजणार. झालं!

दुसऱ्याच दुपारी घंटी कोकलली. अख्खा गाव हंडे-कळशा घेऊन धावला. बघतात तो शेजारच्या कस्तुराबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभ्या. गंजीला सूत म्हणजे कुणाचा तरी नवस, असं समजून त्या आपलाही वेढा घालायला गेल्या आणि गेणूचं सूत तुटलं. गाव हसून हसून लोळला. गेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं ते पुन्हा जोडलं.

राब भाजायच्या दिवशी सगळे ओढ्यापलीकडे शेतात. शेण-पाल्याचे थर पेटले, वारा सुटला, आणि घराकडून घंटी!

"मावशी, सोडा की त्ये सूत!" गावातला रखमाजी ओरडला. पुन्हा हशा.

"आरं मुडद्या, मी हितं हाय न्हवं का!" त्याच्या मागूनच कस्तुराबाई म्हणाल्या, दोन्ही हात वर करून.

मग जी पळापळ झाली! कुणाचं पायताण ओढ्यात, कुणाचं मुंडासं काटेरी झुडपात. गंजीचा एक कोपरा काळा झाला, बाकी पेंढा शाबूत. गेणू ओल्या पेंढ्यात बसून खदाखदा हसत सुटला. हसता हसता रडलाही.

संध्याकाळी बयाबाईच नवं सूत घेऊन गंजीभोवती फिरू लागली. एकच वेढा हवा होता. वडाला घालतात तसे सात घातले, तर एक जळाला तरी पट्ट्या काही चिकटायच्या नाहीत, हे गेणूला पक्कं ठाऊक. पण गावातला शेवटचा राबही भाजून झाला होता.

"वाजंल न्हवं आता?" सातवा वेढा पुरा करून तिनं विचारलं.

"व्हय, लय वाजंल," गेणू म्हणाला, आणि त्यानं गाठ मारून दिली.