बुलडोझरचे इंजिन गरम असल्याबाबत

अर्जदार: सुलतान बाजारात टाइपरायटर मांडून बसणारा अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव दांडगा. तक्रार कोणाविरुद्ध: सदर अर्जदाराविरुद्धच. नुकसान झालेली व्यक्ती: अंबरपेठेतील बुजुर्ग बुलडोझरचालक, ज्यांना आम्ही सारे चच्चा म्हणत असू. साक्षीदार: कुकटपल्लीचा एक खरेदीदार. तारीख: नेमकी स्मरत नाही, परदेशी यंत्रे येऊ लागली आणि जुन्यांना कोणी विचारीना, त्या वर्षांतली थंडीतील एक सकाळ.

मालकाने नवे यंत्र घेतले व जुना बुलडोझर विकायला काढला. खरेदीदाराने शब्द दिला होता की, यंत्र पसंत पडले तर चालवायला चच्चाच राहतील. सौदा फिसकटला तर यंत्र भंगारात जाणार आणि चच्चा घरी बसणार, हे उघड होते.

विक्रीचा कागद मीच करणार होतो. आदल्या दिवशी चच्चा यंत्राची काळजी घेऊन माझ्यापाशी आले. "मुन्शीजी, सुबू की ठंड में जरा खांसता इन्ने. बेइज्जती होती ना."

मी अधिकारवाणीने म्हणालो, "साहेबापुढे जाताना माणूस तोंड धुऊन जातो. गिऱ्हाईक येण्याआधी तासभर चालवून ठेवा."

जुन्या यंत्राच्या बाजारात गिऱ्हाईक प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करते व मगच चालू करायला सांगते, कारण आधीच तापवलेल्या इंजिनाचे दोष झाकले जातात, ही रीत मला ठाऊक नव्हती. चच्चांनी उभ्या आयुष्यात यंत्र चालविले होते, विकले कधीच नव्हते. त्यांनी शिकलेल्या माणसाचे ऐकले.

दुसऱ्या सकाळी खरेदीदाराने इंजिनावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "क्या चच्चा, इंजन कू बुखार है क्या? मेरे आने के पैले कित्ता पकाए इसकू?"

"मेरीच गलती साब. ठंड थी, चला दिया. ऐब नै है. कल फजर कू आओ, ठंडा देखो."

"कल दूसरी मशीन देखना है मेरेकू."

चच्चांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी स्टँप पेपरच्या कडा जुळवीत राहिलो.

आठवड्याभरात यंत्र भंगारात गेले. त्यानंतर चच्चा आले ते लेकीला पत्र लिहवून घ्यायला. मी टाइपरायटर बाजूला सारून दौत-लेखणी काढली. त्यांनी सांगितले, "लिखो, मेरी गलती से नौकरी गई. अब तेरे पास आतूं." मी ते वळणदार उर्दूत उतरविले. पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी समोरून दोन चहा मागवले आणि माझ्या कपात बिस्कीट स्वतः बुडवून दिले.

सबब नम्र विनंती की, त्या पत्रातील सदर वाक्य रद्द समजावे व चुकीपुढे माझे नाव घालण्याची परवानगी चच्चांनी द्यावी. लेकीला मी स्वतः येऊन वाचून दाखवीन. होकार असो वा नकार, उत्तर अवश्य मिळावे.